उन्हं उतरल्यावर निघणारी माणसं

एकाहत्तरची लढाई संपून दोन उन्हाळे उलटले होते तेव्हा आमच्या प्लॅटूनला हिमाचलातल्या एका खिंडीखालच्या चौकीवर पाठवलं. दगडी भिंतींचे तीन बंकर, पत्र्याचं लंगर म्हणजे आमचं स्वयंपाकघर, वायरलेसची खोली आणि खेचरांसाठी आडोसा, एवढीच ती चौकी. मी नागपूरकडच्या नरखेड तालुक्यातला. शाळा आठवीत सुटली. दोन वर्षं दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत पाणी दिलं आणि मग भरती झालो. त्याआधी बर्फ पाहिला होता तो नागपुरात सरबताच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. इथे तो डोंगरभर पडला होता.

मी घोर लावून घेणारा माणूस. लहानपणापासून तसाच. सुरुवातीला चौकीवर मला झोप येत नसे. छतावरचा बर्फ सरकला की मी उठून बसायचो. शेजारी नाईक जाधव निजायचे. साताऱ्याकडचे, तालमीत कमावलेलं अंग, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. डोळे न उघडता ते म्हणायचे, "छत हाय. झोप." आणि मी झोपायचो. आईनंतर माझ्या झोपेची काळजी घेणारं दुसरं कोणी मला आठवत नाही.

मे महिना सरता सरता आमचं काम सुरू व्हायचं. खिंडीवरून पलीकडच्या चौक्यांना खेचरांनी रेशन जायचं. ती वाट आम्ही मोकळी करायचो. रोज पहाटे बांबू टोचत वर जायचं, पोकळ जागा शोधायच्या, चांगल्या वाटेवर बांबूला लाल झेंड्या लावायच्या आणि ऊन तापायच्या आत परत यायचं. लोकांना वाटतं बर्फ हिवाळ्यात वाईट. हिवाळ्यातला बर्फ निदान लपवाछपवी करत नाही. उन्हाळ्याच्या तोंडचा बर्फ पहाटे सिमेंटसारखा कडक असतो, त्यावर बूट घसरतो. नऊ-दहाला तो मऊ होतो. दुपारी त्यात माणूस मांडीपर्यंत रुततो, आणि खालून पाणी त्याला खात असतं ते वरून दिसत नाही.

चौकीखाली तासाभराच्या उतारावर एक मोठा नाला होता. हिवाळ्यात दोन्ही बाजूंनी हिमकडे कोसळून तो बुजायचा. जूनपर्यंत त्याच्यावर बर्फाचा पूल उरायचा. वाट त्या पुलावरून होती.

पहिल्याच जूनमध्ये माझं तिथे नाव पडलं. नाल्यापलीकडे रॉकेलचे डबे उतरवले होते. हवालदार शिंदे यांनी दुपारी लंगरात विचारलं, "कोण जातंय?" मी उभा राहिलो. म्हणालो, "आता लई ऊन आहे साहेब. उन्हं उतरल्यावर जातो." सगळे असे हसले की स्वयंपाक्याने बाहेर येऊन विचारलं, काय झालं. त्या दिवसापासून मी शिपाई उन्हंउतरे. हजेरीलासुद्धा कोणी मागून हळूच ओरडायचं, "उन्हंउतरे, हाजिर!"

मला वाईट वाटलं. मी काय वेडं बोललो होतो? आमच्याकडे वैशाखात दुपारी जो बाहेर पडतो तो येडा. बाजार बंद, दारं लावलेली, गायी सावलीत. पाहुणा उठायला लागला तर घरची माणसं त्याचं धोतर धरून बसवतात, उन्हं उतरू द्या म्हणतात. लू, म्हणजे ती उन्हाची झळ, लागून माणसं मेलेली आम्ही पाहतो. खिशात कांदा ठेवल्याशिवाय आई मला रस्त्यावर सोडत नसे. उन्हं उतरल्यावर निघणं हे आमच्याकडचं सर्वांत शहाणं वाक्य आहे.

जाधव तेव्हा हसले होते, पण संध्याकाळी मला नाल्याच्या काठावर घेऊन गेले. पालथं पडायला लावलं आणि कान खाली लावायला सांगितलं. पुलाखालून पाणी असं चाललं होतं की जणू नरखेडच्या मोरीवरून मालगाडी जात आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच जागी आणलं. खाली नुसती कुजबुज होती. ते म्हणाले, "सकाळी पानी निजल्यालं असतं. रातभर गोठल्यालं असतंय वरती. दिवसभर वितळतं, सांजंला हितं पोचतं. तुझी उन्हं उतरतात ना, तवा नाला उठतो." ही एवढी शिकवण. पुढच्या सगळ्या नोकरीत मला तीच पुरली.

त्याच्या पुढच्या जूनची ही गोष्ट.

वायरलेसवर खालच्या कॅम्पकडून निरोप आला. नागपूरची सिव्हिल पार्टी, एक कॉलेजचे सर आणि चार विद्यार्थी, त्यात एक मुलगी, परवानगी घेऊन खिंडीकडे पायी येत आहेत. नाल्यापलीकडच्या कुरणात मुक्काम करतील. त्यांचा पहाडी हमाल तिथूनच परत फिरणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत नाल्यावर पोचतील, तिथून चौकीने त्यांना पुलावरून पार करून द्यावं.

नागपूर हा शब्द ऐकून माझं काय झालं ते सांगता येणार नाही. वर्षाच्या वर सुट्टी नव्हती. पलटणीत साताऱ्याचे, कोल्हापूरचे, कोकणातले होते. आमच्याकडचा मी एकटा. माझं बोलणं ऐकून हसणारे होते, पण तसं बोलणारं कोणी नव्हतं. मी जाधवांना म्हटलं, मला फक्त कोणाच्या तरी तोंडून 'का'च्या जागी 'काहून' ऐकायचं आहे. ते म्हणाले, "येडा हायेस." पण हवालदारांना सांगून त्यांनी एस्कॉर्टमध्ये माझं नाव घातलं.

आदल्या दिवशी आम्ही दोघांनी पुलावर झेंड्या लावल्या. अलीकडे दोन, पलीकडे तीन. बांबू टोचून पाहिला. सकाळपुरता पूल चांगला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास आम्ही नाल्यावर हजर होतो. सात वाजले. आठ वाजले. पलीकडच्या उतारावर कोणी नाही. नऊनंतर बर्फाचा रंग बदलायला लागला. दहाला जाधव म्हणाले, आज येत न्हाईत, चला. आम्ही परत चढून चौकीवर आलो.

हवालदारांनी खाली कळवायला लावलं. सिग्नलवाला बोलत होता ते मी दारातून ऐकलं.

"सिव्हिल पार्टी नॉट सीन. ओव्हर."

"पार्टी हॉल्ट पर होगी. कल सुबह देखो. ओव्हर."

"रॉजर. आउट."

सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपला. कोणी आजारी पडलं असेल, कुरणातच थांबले असतील, उद्या येतील. दुपारी तीनच्या सुमारास हवालदार दाढी करायला बसले. मी उशिराच ताट घेऊन बसलो. मी कुरणात बसलेली ती पाच माणसं डोळ्यांपुढे आणत होतो. सकाळ हुकली. डोक्यावर ऊन, बर्फावरून येणारी झळ. हमाल परत गेलेला. आता नागपूरचा माणूस काय म्हणेल?

ताट तसंच ठेवून मी हवालदारांकडे गेलो. त्यांच्या अर्ध्या गालाला साबण होता.

"हवालदारसाहेब, ते आजच येतील."

"कुनी सांगितलं?"

"नागपूरचे आहेत. आत्ता सावलीत बसले असतील. उन्हं उतरल्यावर निघतील."

वस्तरा तसाच हातात राहिला. ते म्हणाले, "शिकल्याली मानसं हायती ती."

"शिकलेली आहेत, पण बर्फ नवा आहे साहेब. मी नाही का म्हणालो होतो?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी ते हसले नाहीत. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघायच्या आत त्यांनीच म्हटलं, "आनि झेंड्या पुलावरच हायत."

तेच मला खात होतं. लाल झेंड्या म्हणजे इकडून या. आम्हीच लावलेल्या झेंड्या त्यांना बरोबर पुलावर आणणार होत्या.

"जाधव, उन्हंउतऱ्याला घेऊन पळ. झेंड्या काढ. पूल ओलांडायचा न्हाई. मी दोर घेऊन मागनं येतो."

आम्ही पळालो म्हणजे अर्धे पळालो, अर्धे रुतलो. जाधव पुढे, त्यांच्या पावलांच्या खड्ड्यात मी. नाला दिसायच्या आधी ऐकू आला. काठावर आलो तर पुलाची मधली कंबर सैल विणीच्या बाजेसारखी खाली आली होती. सकाळी ती सपाट होती. अलीकडच्या दोन झेंड्या आम्ही उपटल्या. पलीकडच्या तिन्ही तशाच फडकत होत्या.

आणि पलीकडच्या उतारावरून पाच माणसं येत होती. छान विसावलेली, ताज्या दमाची. डोक्याला, तोंडाला दुपट्टे बांधलेले, अगदी नागपुरात सीताबर्डीच्या बाजारातून भर उन्हात निघाल्यासारखे. माझ्या माणसांना मी तेवढ्या अंतरावरून ओळखलं.

मी ओरडलो. माझाच आवाज मला ऐकू आला नाही. नाला तेवढा उठला होता. जाधवांनी शिट्टी फुंकली, तीही पाण्याने गिळली. मग त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली, जोरजोरात हलवली. पलीकडून पाचही जणांनी हात हलवले. एकाने टोपी काढून फिरवली. त्यांना वाटलं, जवान आपल्या स्वागताला आले आहेत. आम्हाला फार वेळ उभं करू नये म्हणून ते भराभर यायला लागले.

टोपीवाला पोरगा सर्वांच्या पुढे होता. पहिली झेंडी त्याने ओलांडली.

त्या वेळी मला आमच्या गावाबाहेरचे रूळ आठवले. दुरुस्ती चालू असली की गँगवाले रुळावर दोन काठ्या रोवून मधे लाल कापड ताणून ठेवायचे. ते कापड हलत नाही, बोलत नाही, आणि मेल गाडी त्याच्यापुढे थांबते. मी जाधवांच्या हातातला बांबू ओढला, दोन्ही झेंड्यांची टोकं एकमेकींना गाठ मारून बांधली आणि एक बांबू त्यांच्या हाती दिला. "आडवं ताणा, अन् हलू नका." नाईकाला शिपायाने हुकूम देण्याची ती पद्धत नव्हती. जाधवांनी विचारलं नाही. वाटेच्या तोंडावर आम्ही दोघं दोन बांबू धरून उभे राहिलो, मधे लाल कापड. हात हलवले नाहीत, हसलो नाही. खांबासारखे उभे.

टोपीवाल्याचा एक पाय पुलाच्या बर्फावर होता. त्याच्या मागची मुलगी थांबली. तिने आमच्याकडे पाहिलं. मग तिने त्या पोराच्या पाठीवरची पिशवी धरून त्याला असं मागे ओढलं की तो बसकण मारून पडला.

ते पाचही जण मागे सरकून खडकावर गेले तेव्हा जाधवांनी बांबू सोडला आणि ते खाली बसले. माझ्या हातातून बांबू सुटेना. बोटं त्यांनी एकेक करून सोडवली.

थोड्या वेळाने पूल बसला. कडाडला वगैरे नाही. जुनी बाज माणसाखाली बसावी तसा मधला भाग मुकाट्याने खाली गेला आणि पाण्याने तो नेला. पलीकडच्या दोन झेंड्या बरोबर गेल्या.

हवालदार दोघांना घेऊन दोरासह पोचले. त्यांनी पूल होता ती जागा पाहिली, पलीकडची माणसं मोजली आणि दाढीचा वाळलेला साबण बाहीने पुसला. ते फक्त म्हणाले, "पाच." 

वर, नाल्याच्या माथ्याशी, कोसळलेल्या कड्याचा जाड बर्फ अजून टिकून होता. तिथून पाच सिव्हिलियन त्या वेळी आणणं शक्य नव्हतं, पण दोराला बांधलेला एक जाणता माणूस जाऊ शकत होता. जाधवांनी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. कमरेला दोर बांधला, बांबू टोचत गेले. दोर आम्ही चौघांनी हळूहळू सैल सोडला. पलीकडे पोचल्यावर त्यांनी हात वर केला आणि दोर सोडून दिला. रात्र त्या लोकांबरोबर काढायची ठरली. आम्ही चौकीवर परत आलो. त्या रात्री मी झोपलो. छत आहे की नाही हे विचारायलासुद्धा जागा राहिलो नाही.

पहाटे कडक बर्फावरून जाधव त्यांना एकेक करून घेऊन आले. सकाळचा नाला नुसता कुजबुजत होता. मी अलीकडच्या टोकाला हात द्यायला उभा होतो. सर सर्वांत शेवटी आले. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. उमरेडची होती ती मुलगी. तिचे वडील तिथल्या कोळसा खाणीत. मी तिला विचारलं, तुम्ही कशा थांबल्या?

ती म्हणाली, "बाबा सांगत जात. खाणीत छत कच्चं असलं का लाल कापड आडवं लावते म्हणून. त्याच्या पुढं गेला तो बापाचं नाही ऐकत." मग माझ्याकडे नीट पाहून तिने विचारलं, "तुम्ही आपल्याच इकडचे दिसता. एवढ्या दूर काहून आले गा दादा?"

मी सांगितलं, नोकरीले आलो. एका 'काहून'साठी मी वर्षभर थांबलो होतो आणि तो मिळाल्यावर तोंड फिरवून दोर गुंडाळत बसलो. जाधव मागून म्हणाले, "झालं समाधान?"

टोपीवाल्या पोराला आदल्या सकाळी उलट्या झाल्या होत्या, म्हणून ते निघाले नव्हते. बरं वाटल्यावर सरांनी विचार केला, भर दुपारी आजारी पोराला उन्हातून न्यायचं नाही. कोणत्याही घरच्या माणसाने हाच विचार केला असता. हवालदार त्यांना एक शब्दही टाकून बोलले नाहीत. उलट त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्यो तुमचा उन्हंउतरे. ह्याला इचारा, आमी वरीसभर ह्याला किती हसलो."

निघताना त्यांनी खिशातले कांदे काढून दिले. नागपूरहून निघताना घरच्यांनी लूसाठी दिलेले, पाच जणांचे पाच. आम्ही कित्येक महिने डब्यातला वाळवलेला कांदा खात होतो. लंगरात जाधवांनी ते पाटावर ठेवून बुक्कीने फोडले. साऱ्या सेक्शनला एकेक पाकळी आली. स्वयंपाकी म्हणाला, अशी पार्टी दर आठवड्याला पाठवा.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मला सुट्टी मिळाली. घरी होतो. दुपारी जेवून अंगणातल्या निंबाखाली बाज टाकून निजायचो. त्यातल्याच एका दिवशी नाल्यापलीकडे खेचरवाल्या दोघांपैकी एकाचा पाय मोडला आणि आभाळ भरून आलं. वेळ संध्याकाळची होती. वरचा जाड बर्फ त्या साली लवकर गेला होता. नाईक जाधव पुलावरून पलीकडे गेले, पाय मोडलेल्याला पाठीवर घेऊन आले, आणि दुसऱ्याला आणायला पुन्हा निघाले तेव्हा पूल बसला. परतलो तेव्हा हवालदार शिंदे यांनी हे मला बंकरमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "तेला ठावं होतं. तेनंच तर समद्यांना शिकवलं." दुसरा खेचरवाला अंधार पडेपर्यंत काठावर बसून राहिला आणि पहाटे सुखरूप आला. जाधव काही दिवसांनी खालच्या वळणावर सापडले. माझ्या शेजारची जागा त्या रात्री रिकामी होती. छतावर बर्फ सरकला. मीच स्वतःला सांगितलं, छत आहे.

आता पेन्शनीवर आलो. नागपूरच्या कडेला बेशाकडे दोन खोल्या बांधल्या आहेत, आजूबाजूला अजून शेतं आहेत. फौजेने मला खायला दिलं, नीट लिहायला शिकवलं, आणि ज्यांच्यामुळे जगलो अशी माणसं दिली. तक्रार करायला जागा नाही. उमरेडची ती मुलगी आता शाळेत शिकवते. दिवाळीत नवऱ्याला, पोरांना घेऊन येते. टोपीवाला पोरगा वकील झाला, पोट सुटलं आहे. ते घरात बसून चहा पितात, एकमेकांवर ओरडतात, आणि मी मनात मोजून घेतो. पाच.

परवा तिच्याच ओळखीने कॉलेजची पोरं आली. पाठपिशव्या घेऊन जूनच्या सुरुवातीला त्याच बाजूला जायचं म्हणत होती. "काका, बर्फ किती असंल? वाट खुली झाली असंल का?" मी म्हटलं, बर्फ किती हे विचारू नका, किती वाजता हे विचारा. पहाटे निघा. दहाच्या आत मुक्कामी पोचा. नाला ओलांडायचा तो सकाळी. सकाळ हुकली तर दिवस गेला समजा, तंबू ठोका आणि पत्ते खेळा. डोळ्यांना काळा चष्मा लावा. एकजण म्हणाला, दुपारभर आराम करून उन्हं उतरल्यावर निघालं तर? मला हसू आलं, आणि मी त्याला माझ्याजवळ बसवून हे सगळं सांगितलं. तेच इथे लिहिलं आहे.

संध्याकाळी उन्हं उतरतात. शेजारी अंगणात पाणी शिंपडतात, खाटा बाहेर येतात, माणसं एकमेकांना हाका मारतात. नागपूरची ही सर्वांत चांगली वेळ. मीही बाहेर येऊन बसतो. त्या वेळी तिकडे नाला उठलेला असतो.

अलीकडच्या काठावर, वाट चढायला लागते तिथे, आम्ही दगडांची एक रास रचली. नाव कोरायला छिन्नी नव्हती. येणारा-जाणारा त्यावर एक दगड ठेवतो. तुम्ही गेलात तर नाईक जाधवांसाठी एक ठेवा. पण सकाळी ठेवा. संध्याकाळी तिथे दिसलात तर त्यांना आवडणार नाही.